एकशे चौऱ्याण्णव तास आणि दोन नंबरची नळी

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, कशाचाही हेवा वाटू शकतो. समोरच्यांचे कपडे आमच्या आधी वाळले, की वारा त्यांना सामील आहे असं त्यांचं ठाम मत होतं. दवाखान्यात पुढच्या पेशंटचा रक्तदाब जास्त निघाला, तर हे नर्सला म्हणतात, "माझा जरा नीट बघा हो, पट्टा सैल बांधला होता तुम्ही." स्वतःच्या लग्नाच्या फोटोत ते नवरदेव आहेत, आणि तरीही बघतायत कुठे, तर शेजारी उभ्या असलेल्या आमच्या काकांच्या कोटाकडे.

ताईनं या स्वभावाबरोबर एकतीस वर्षं संसार केलाय. ती म्हणते, "लोकांचे नवरे सिगारेट ओढतात. आमचे नुसते जळतात. तेवढाच घरात धूर कमी."

दाजी गॅसच्या एका प्रयोगशाळेत भट्टी सांभाळतात. कागदोपत्री हुद्दा वरिष्ठ तंत्रज्ञ, पण तिथे सगळे त्यांना भट्टीदादा म्हणतात. काम काय, तर मिथेनपासून हायड्रोजन काढायचा. मिथेन म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदा जेवताना समजावलं होतं. "हे बघा मेहुणे, मधे एक कार्बन आणि त्याला चार बाजूंनी चिकटलेले चार हायड्रोजन. एकत्र कुटुंब. सहजासहजी फुटत नाही. पण साडेसातशे अंशांवर तापवून निकेलच्या भुकटीवरून नेलं, की फुटतं. हायड्रोजन जोड्या जमवून निघून जातात, बाहेर आपला संसार थाटतात. जळले तरी त्यांचं पाणीच होतं, धूर नाही."

"आणि कार्बन?"

"तो बिचारा काजळी होऊन निकेलच्या गळ्यात पडतो."

सगळं दुखणं या शेवटच्या वाक्यात आहे. निकेल हा कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता दुसऱ्यांची मोडतोड करून देणारा मध्यस्थ. पण अंगावर काजळी साचत गेली, की त्याचा श्वास कोंडतो. बाहेर येणाऱ्या गॅसमधला हायड्रोजन उतरत जातो, आणि तो शंभरात वीसच्या खाली आला, की भुकटी मेली असं धरायचं. ती किती तास जगली, यावर तिथे माणसाची किंमत ठरते.

दाजींचा विक्रम होता एकशे चौऱ्याण्णव तासांचा. सहा वर्षांपूर्वीचा. भट्टीच्या खोलीत दाराजवळ जो पांढरा फळा आहे, त्याच्या कोपऱ्यात तो हिरव्या शाईनं लिहिलेला होता. बाकी फळा रोज पुसला जाई, तो आकडा कधी नाही. कोणाचं डस्टर चुकून लागू नये, म्हणून दाजींनी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवली होती. दर सहा महिन्यांनी पट्टी पिवळी पडली की बदलत.

त्या खोलीत आणखी एक रीत होती. खुर्च्या चार, पण हात असलेली एकच. ज्याची भुकटी भट्टीत जिवंत असेल, त्यानं त्या खुर्चीत बसायचं. भुकटी मेली की उठायचं. कोणी सांगायचं नाही, आपलं आपण उठायचं.

आणि मग तिथे फरशीवाल्या बाई आल्या.

बाईंनी बावीस वर्षं फरश्यांच्या कारखान्यात भट्ट्या सांभाळल्या होत्या. कारखाना बंद पडला, म्हणून त्या इकडे. नाकीडोळी साध्या, बोलायला मोकळ्या, आणि काम करताना शीळ घालायची सवय. भट्टीच्या झरोक्यातून नुसता रंग बघून त्या आतलं तापमान सांगत, दहा अंश इकडेतिकडे. दाजी सांगत ते पंधरा अंश इकडेतिकडे. या पाच अंशांवरून दाजी आठवडाभर नीट जेवले नाहीत.

"शीळसुद्धा सुरात घालते गं," ते ताईला म्हणाले, जणू बाईंनी त्यांच्या खिशातून काही काढून घेतलं होतं.

"मग तुम्हीही घाला."

"मला येत नाही!"

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं मला हे. चला, काहीतरी शिल्लक होतं."

बाईंचं म्हणणं असं, की महागडं निकेल कशाला, साधं लोखंड वापरून बघू. लोखंडाच्या भुकटीला त्या स्वतःच्या पद्धतीनं मंद आचेवर भाजून घेत. मोठ्या सरांना ते पटलं. मोठे सर म्हणजे तिथले प्रमुख, अंगानं इतके बारीक की मोठे कशानं, हा प्रश्न पडावा. त्यांनी जाहीर केलं, की मागच्या आवारात मोठी भट्टी बांधून होतेय, आताच्यापेक्षा चाळीस पट मोठी. एक नंबरच्या भट्टीत दाजींचं निकेल लावा, दोन नंबरच्यात बाईंचं लोखंड. जे जास्त तास टिकेल ते मोठ्या भट्टीत जाईल, आणि ज्याचं ते असेल, ते माणूस मोठ्या भट्टीचं प्रमुख होईल.

दाजींना निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती. मोठ्या भट्टीचा पाया खणत होते, तेव्हापासून ते रोज जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन उभे राहत. गवंड्यांना सूचना देत. गवंडीही ऐकून घेत, कारण त्यांना वाटायचं की हेच प्रमुख आहेत. एक प्रमुख होणं सोडलं, तर दाजींनी आयुष्याकडे फारसं काही मागितलेलं नव्हतं. मागितलं ते शेजाऱ्यांकडे होतं म्हणून मागितलं.

आता नळीची गोष्ट. भुकटी भट्टीत तशीच घालत नाहीत. ती एका लांब नळीत भरतात, नळी भट्टीत आडवी ठेवतात, एका टोकानं मिथेन सोडतात. कोठीच्या दारावर नियम लिहिलेला आहे: नव्या मालाला नवी नळी. कोठीत तेव्हा दोन नळ्या होत्या. एक क्वार्ट्झची, काचेसारखी आरपार दिसणारी, नुकतीच पेटीतून आलेली. दुसरी पोलादी, अकरा वर्षं भट्टीत भाजून काळवंडलेली, आतून खरखरीत. दाजींनी इतकी वर्षं तीच वापरली होती, विक्रमानंतर मात्र दोन-दोन दिवसांच्या छोट्या चाचण्यांनाच, आणि नवी आल्याबरोबर तिला अडगळीत टाकलं होतं.

बाई कोठीत गेल्या आणि नियमाप्रमाणे नवी मागितली.

"ती अजून तपासायचीय," दाजी म्हणाले. "सध्या ही घ्या."

बाईंनी जुनी नळी हातात घेऊन डोळ्याला लावली, दुर्बिणीसारखी. "असू दे दादा. तुमच्या हाताखालची आहे, वळण असेल तिला."

दाजी हे घरी सांगताना हसले होते. मग ताईनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि ते हसायचे थांबले.

सोमवारी सकाळी दहाला दोन्ही भट्ट्या सुरू झाल्या. हाताच्या खुर्चीचा प्रश्न आला. दोघांच्याही भुकट्या जिवंत. बाई म्हणाल्या, "दादा, तुम्ही बसा, मला उभ्यानंच सवय आहे." दाजी बसले. आणि गुरुवारी सकाळी सहा वाजता, नव्याकोऱ्या क्वार्ट्झच्या नळीत, दाजींचं निकेल मेलं. अवघे अडुसष्ट तास. सकाळी कामावर आल्यावर त्यांनी कागदावर आकडा बघितला, हायड्रोजन मोजणाऱ्या यंत्राला दोनदा टिचकी मारली, आणि खुर्चीतली आपली उशी उचलली.

दोन नंबरची भट्टी चालूच होती.

शुक्रवारी दुपारी बाईंचे शंभर तास झाले. शनिवार गेला, रविवार गेला. दाजी सुट्टीच्या दिवशीही "चक्कर मारून येतो" म्हणून तिकडेच जायचे आणि चेहरा पाडून परत यायचे. पुढच्या मंगळवारी दुपारी ठीक बाराला एकशे चौऱ्याण्णव तास भरले, आणि साडेबारालाही हायड्रोजन होता तेवढाच होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनीही वाजवल्या, पण भट्टीचे जाड हातमोजे घालून. आवाज आला नाही.

बाई फळ्याकडे गेल्या, दाजींच्या आकड्याच्या वर स्वतःचा लिहिला आणि म्हणाल्या, "तुमचा पुसत नाही हं दादा. वर लिहिते फक्त."

"वर!" दाजी घरी येऊन म्हणाले. "खाली लिहायला जागा नव्हती का? अख्खा फळा मोकळा होता!"

त्यानंतर दाजींनी जे केलं ते फक्त हेवा वाटणारा माणूसच करू शकतो. बाईंच्या भट्टीच्या यंत्रातून दर अर्ध्या तासाला जो आकडा छापून येई, त्या सगळ्या आकड्यांच्या प्रती त्यांनी काढून घरी आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर पसरल्या. मोठ्या सरांनी शेवटचा आकडा बघितला होता. बाईंनी रोजचा बघितला होता. दाजींनी चारशे आकडे बघितले, एकेकाखाली बोट ठेवून, कुठेतरी पाय घसरलेला दिसेल या आशेनं.

मी त्या दिवशी तिथेच होतो. ताई ताटं हातात घेऊन उभी होती, कारण ठेवायला जागा नव्हती.

"मेहुणे, हे बघा. माझे सगळे आलेख डोंगरासारखे असतात. चढ, माथा, उतार. कॅटॅलिस्ट असाच जगतो आणि असाच मरतो. हिचा बघा. पहिले साठ तास उतरत आला, चाळीसवरून सत्तावीसवर. आणि तिथून पुढे?"

पुढे सरळ रेघ होती. सत्तावीस, सत्तावीस, सव्वीस, सत्तावीस. टेबलासारखी सपाट.

"छान आहे की," मी म्हणालो.

"छान? इतकं सरळ काही जगतं का कुठे?"

ताईनं ताटं माझ्या हातात दिली आणि वाकून बघितलं. "हे दुसरंच कोणीतरी राबतंय," ती म्हणाली, "आणि नाव तिचं लागतंय. मला कळतं ते. मी एकतीस वर्षं करतेय."

दाजींनी बोट उचललं नाही. मग एकदम उभे राहिले. "नळी!" ते ओरडले. "लोखंड साठ तासांतच मेलं! पुढचं सगळं नळी करतेय!"

ते अत्यानंदानं गॅलरीत गेले, दोन फेऱ्या मारल्या, आत आले आणि उभ्या उभ्या आम्हाला समजावलं. पोलादातही थोडं निकेल असतं. शिवाय अकरा वर्षं त्या नळीत त्यांचीच निकेलची भुकटी घासली, भाजली, भिंतीत मुरली. भिंतीवर काजळी धरतच असणार, पण पापुद्रे सुटून पडत आणि मागून नवी भिंत उघडी होई. म्हणून रेघ सपाट. नळी नवी असताना तिचा ब्लँक घेतलेला होता, म्हणजे आत काहीही न भरता तिला नुसतीच चालवून बघितलं होतं, आणि हायड्रोजन शून्य आला होता. एकदा शून्य आला, की पुन्हा कोणी विचारत नाही. माणसाचं चारित्र्य दाखल्यावर लिहून देतात आणि मग ते दाखल्यापुरतंच उरतं, तसं नळीचं झालं होतं.

"म्हणजे तिचा विक्रम खोटा," दाजी म्हणाले. चेहऱ्यावर महिनाभरात न दिसलेला तजेला होता.

"आणि तुमचा कुठल्या नळीतला?" ताईनं विचारलं.

दाजी हळूच खाली बसले. ताईनं ताटं माझ्या हातातून घेतली आणि आकड्यांवरच ठेवली.

पुढचे दोन दिवस दाजी हिशोब करत होते. गप्प राहिलं, तर बाई प्रमुख होणार, पण फळ्यावर दोन नंबरला का होईना, दाजींचा आकडा मानानं राहणार. बोललं, तर बाईंचा आकडा जाणार आणि त्याबरोबर स्वतःचाही. शिवाय सांगावं लागणार, की नवी नळी तपासायची नव्हतीच. आणि गप्पच राहिलं, तर मोठ्या भट्टीत दोन हंडे लोखंड ओतलं जाणार, ते अडीच दिवसांत मरणार, आणि ज्या भट्टीच्या पायाला त्यांनी रोज जाऊन पाणी मारायला लावलं, तिचं पहिल्याच आठवड्यात हसं होणार.

"तुम्हाला तिचं पडलंय की भट्टीचं?" ताईनं विचारलं.

"तिचं अजिबात नाही," दाजी म्हणाले आणि बूट घातले.

मोठ्या सरांच्या खोलीत बाई आधीच बसलेल्या होत्या, मोठ्या भट्टीचे नकाशे मांडून. पुढचं संभाषण मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलंय आणि आश्चर्य म्हणजे ते जुळतं.

"सर, ब्लँक घ्यायला हवा," दाजी म्हणाले. "दोन नंबरच्या नळीचा."

"अहो, तो घेतलाय की. तुमचीच सही आहे त्याच्यावर."

"अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा ती कोरी होती."

बाईंनी नकाशावरून मान वर केली. "दादा, हेव्यानं बोलताय का?"

"हो," दाजी म्हणाले. "हेव्यानंच बोलतोय. पण बरोबर बोलतोय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. साठ तास, सपाट रेघ, मुरलेलं निकेल. शेवटी खाली बघत म्हणाले, "आणि नवी नळी तपासायचीय म्हणालो होतो, ते खोटं होतं."

"मला माहीत होतं ते," बाई म्हणाल्या. "पेटीवर तपासल्याचा शिक्का होता. वाचता येतं मला."

"मग जुनी घेतलीत कशाला?"

बाईंनी पेन्सिल नकाशावर ठेवली. "त्या चिकटपट्टीमुळे. आल्या दिवसापासून रोज बघत होते मी ती. फरश्यांच्या कारखान्यात माझं नाव कोणी खडूनंसुद्धा लिहिलं नव्हतं. म्हटलं, तुमच्याच जुन्या नळीत तुमचा आकडा मोडला, तर जास्त बरं वाटेल."

मोठ्या सरांनी एकदा दाजींकडे, एकदा बाईंकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्हा दोघांना एका खोलीत ठेवलं, हे भट्टीचं नशीब की माझं, कळत नाही."

ब्लँक लावला. नळी जाळून स्वच्छ केली, आत चिमूटभरही काही नाही, नुसता मिथेन सोडला. तासाभरात पहिला आकडा आला: सव्वीस. हाताच्या खुर्चीत कोणी बसायचं हा प्रश्नच नव्हता. चार दिवसांनी सर म्हणाले, "पुरे, कळलं." दाजी म्हणाले, "नाही, चालू द्या." त्यांना एकशे चौऱ्याण्णव बघायचे होते. तेही झाले, नळीला काही वाटलं नाही. त्या आठवड्यात दाजींना ज्या वस्तूचा हेवा वाटला, तशी वस्तू त्यांच्या आयुष्यात पूर्वी आली नव्हती. "आत काहीही नाही हो मेहुणे! रिकामी! आणि बसल्या बसल्या माझ्या पुढे!"

फळ्यावरची पट्टी त्यांनी स्वतः सोलली. सहा वर्षांची शाई कापडानं निघेना, तेव्हा बाईंनी स्पिरिटची बाटली आणून दिली आणि आपला आकडाही त्याच बोळ्यानं पुसला.

मग दोघांचं खरं मोजमाप झालं. शेजारच्या विभागातून दुसरी क्वार्ट्झची नळी आणली, दोन्ही नळ्यांचे ब्लँक घेतले, दोन्ही शून्य. सोमवारी दहाला पुन्हा सुरुवात. गुरुवारी सकाळी नवाला दाजींचं निकेल वीसच्या खाली गेलं. एकाहत्तर तास. बाईंचं तेव्हा वीसच्या किंचित वर रेंगाळत होतं. बाई सरांबरोबर मागच्या आवारात गेल्या होत्या, आणि खोलीत यंत्रापाशी दाजी एकटे. यंत्राच्या पाठीला शून्य जुळवायचा एक बारीक स्क्रू असतो. दाजी म्हणतात, तो तिथे आहे हे त्यांना त्या दिवशी जेवढं जाणवलं, तेवढं तीस वर्षांत जाणवलं नव्हतं. साडेनऊ: वीस पूर्णांक चार. दहा: वीस पूर्णांक तीन. ते दर अर्ध्या तासाला उठून आकडा वहीत लिहीत राहिले, अक्षर नेहमीपेक्षा मोठं. बाराला बाईंची भुकटी मेली. चौऱ्याहत्तर तास.

"तीन तासांनी गेली," ते घरी येऊन म्हणाले. "माझ्याच अक्षरात गेली."

ताईनं त्यांना चहा दिला आणि त्या दिवशी काहीही टोमणा मारला नाही. दाजींना तेच जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात बाई मोठ्या भट्टीच्या प्रमुख झाल्या, आणि पहिलं काम म्हणून त्यांनी सरांकडे दाजींना मागून घेतलं, दुय्यम म्हणून.

"हाताखाली!" दाजी म्हणाले. "तिच्या!"

"मग काय सांगितलंत?" ताईनं विचारलं.

"म्हटलं, विचार करून सांगतो."

"किती केलात विचार?"

"जिना उतरेपर्यंत."

मोठी भट्टी आता सुरू आहे. दाजी रोज अर्धा तास आधी जातात, का ते विचारलं तर पायऱ्यांवर गर्दी नसते म्हणतात. पायऱ्या एकूण नऊ आहेत. परवा आले ते फार खिन्न दिसले. हातपाय धुतले, ताटावर बसले, घास हातात धरून राहिले.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"आज तिनं एक झडप उलटी फिरवली."

"अगंबाई! मग?"

"मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिचं तिलाच कळलं," दाजी म्हणाले. "लगेच. शीळ घालता घालता."

आणि ताट थोडं पुढे सरकवून त्यांनी विचारलं, की मेहुण्यांच्या वाटीत भाजी जास्त वाढलीये का.